गिअर सुटतो तेव्हा…

सूर्यमाळ हे पालघर जिल्ह्यातले सर्वांत उंचावरचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. मोखाडा तालुक्यातल्या या पठारावर पावसाळ्यात धुके उतरते, हिवाळ्यात चांगली हुडहुडी भरते आणि मुंबई-नाशिकची हौशी मंडळी ती हवा खायला गाड्या काढून जातात. उंचावरच्या गावाचे कौतुक पाहुण्याला. तिथे राहणाऱ्याच्या लेखी उंचीचा हिशेब साधा असतो : घराबाहेर पडायचे तर उतार आणि घरी परतायचे तर चढ. बाजार खोडाळ्याला, तालुक्याची कचेरी मोखाड्याला, मोठे रुग्णालय जव्हारला आणि दुखणे त्याहूनही मोठे असेल तर थेट नाशिक. या वाटांवर एसटी धावते; पण एसटीची वेळ आणि माणसाची अडचण यांची गाठ पडतेच असे नाही. मग दारातली मोटारसायकल बाहेर निघते.

ही मोटारसायकल बहुधा नवी नसते. शंभर सीसीची, चार गिअरची, दोन-तीन मालक पाहिलेली. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, पण अशा एखाद्या म्हाताऱ्या गाडीच्या नंबरप्लेटवर अजून ठाण्याचा ‘एमएच ०४’ दिसावा. रेशनचे धान्य, नागली-वरईची पोती, आश्रमशाळेत सोडायची पोर, तापाने फणफणलेले लेकरू, बोहाड्याच्या रात्री सोंगे बघायला निघालेले अख्खे कुटुंब असे सगळे ती वाहते. २०२१च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२पर्यंत चालला. त्या काळात तर डोंगरातल्या पाड्यांना या दुचाकींचाच आधार होता. शहरात जुनी मोटारसायकल हा छंद असू शकतो. इथे ती सार्वजनिक वाहतूकच आहे, फक्त तिचा खर्च एकेका घराने उचललेला आहे.

अशा गाडीचा गिअर सुटू लागला की घरात एक प्रश्न येऊन बसतो. गाडी विकून हप्त्याने नवी घ्यावी, की इंजिन उघडून गिअरपेटी दुरुस्त करावी? बहुतेक घरे यातले काहीच करत नाहीत. ती तिसरा मार्ग धरतात : चालतेय तोवर चालवायची. सुटला गिअर की पुन्हा टाकायचा, पाय दाबून धरायचा आणि घाट उतरायचा. माझे मत सरळ आहे. तीन मार्गांतला हा तिसरा सर्वांत महाग आणि सर्वांत धोक्याचा आहे. दुरुस्तीचा मार्ग बहुतेक वेळा शहाणपणाचा असतो. पण तो नीट पार पडावा, हे एकट्या गाडीमालकाच्या हाती नाही.

बोटांत बोटे

गिअर म्हणजे काय, हे चढावर चालणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. डोक्यावर ओझे घेऊन टेकडी चढणारी बाई पावले आखूड टाकते. सपाटीला लागली की पाऊल लांब पडते. ताकद तीच, वाटणी वेगळी. मोटारसायकलचे इंजिन पहिल्या गिअरमध्ये आखूड आणि जोरकस पावले टाकते, चौथ्यात लांब आणि हलकी. ही वाटणी गिअरपेटीतली दंतचक्रे करतात.

अनेकांची समजूत अशी, की गिअर बदलताना ही दंतचक्रे एकमेकांपासून सुटतात आणि पुन्हा जुळतात. मोटारसायकलमध्ये तसे होत नाही. सगळ्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. फरक एवढाच, की काही चक्रे आपल्या दांड्यावर मोकळी फिरतात आणि काही दांड्याबरोबर फिरतात. गिअर टाकणे म्हणजे मोकळ्या चक्राला शेजारच्या चक्राशी जखडणे. त्यासाठी चक्राच्या कुशीवर जाडजूड खुंट्या असतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘डॉग’ म्हणतात. एक चक्र बाजूला सरकते, त्याच्या खुंट्या शेजारणीच्या खाचांत शिरतात आणि दोघी एक होऊन फिरतात. सरकवण्याचे काम एक फोर्क करतो. हा लोखंडी काटा चक्राच्या कमरेतल्या खोबणीत बसलेला असतो. फोर्कला हलवतो एक ड्रम, म्हणजे नागमोडी खोबण्या असलेला दंडगोल. आणि ड्रमला फिरवतो आपला पाय.

आता आपल्याच दोन्ही हातांची बोटे वाकवून एकमेकांत अडकवा आणि ओढा. जितके ओढाल तितकी पकड घट्ट होते. आता बोटे सरळ करून टोकाला टोक लावून ओढा. लगेच सुटतात. नव्या खुंट्यांच्या कडा किंचित आत कललेल्या असतात, वाकवलेल्या बोटांसारख्या. ओझे पडले की त्या एकमेकींना आत ओढून घेतात. वर्षानुवर्षे ठोकर खाऊन या कडा गोल झाल्या की पहिल्या बोटांची दुसरी बोटे होतात. मग ओझे पडताच खुंट्या एकमेकींना बाहेर ढकलतात, ‘खट्’ असा आवाज होतो, गाडीला हिसका बसतो आणि इंजिन मोकळे होऊन ओरडते. यालाच आपण गिअर सुटणे म्हणतो.

उतारावर हे झाले तर काय होते? गिअरमध्ये असलेल्या गाडीला इंजिन मागे ओढून धरते. घाट उतरताना अर्धा ब्रेक इंजिनाचा असतो. गिअर सुटला की तो आवर क्षणात जातो. पाठीमागे दोन माणसे, मध्ये पोते, समोर वळण आणि रस्त्यावर पावसाने वाहून आणलेली खडी. साध्या ड्रम ब्रेकवर हा सगळा भार एकदम येतो. म्हणून सुटणाऱ्या गिअरला गाडीची ‘खोड’ म्हणून सोडून देणे मला मान्य नाही. ब्रेकची तार तुटली तर आपण गाडी ढकलत नेतो. सुटणारा गिअर हे त्याच जातीचे दुखणे आहे.

तीन तोतये

मात्र सुटल्यासारखे वाटणारे प्रत्येक दुखणे गिअरपेटीचे नसते. इंजिन खाली उतरवण्याआधी तीन तोतयांना ओळखणे गरजेचे आहे. इथे घाई केली तर दीड-दोनशे रुपयांच्या कामासाठी काही हजार रुपये जातात.

पहिला तोतया क्लच. चढावर ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. ‘खट्’ नाही, हिसका नाही, नुसती घसरण. हे क्लचचे काम. त्यातही आधी केबल बघावी. क्लचचा दांडा ओढायला सुरुवात केली की पहिले १० ते २० मिलिमीटर तो सैल हलला पाहिजे. केबल ताणलेली असेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात. दुसरा संशय तेलावर. आपल्याकडच्या चार-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच तेल असते. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. ती इंजिनाला मानवतात, पण तेलात बुडालेल्या क्लचच्या प्लेटांना निसटायला लावतात. मोटारसायकलच्या तेलाच्या डब्यावर ‘जासो एमए’ हे जपानी मानकाचे चिन्ह असते ते यासाठीच. जीपवाल्याच्या डब्यातले उरलेले तेल फुकट मिळाले म्हणून ओतू नये.

दुसरा तोतया चेन. चेन सैल पडली आणि स्प्रोकेटचे दात झिजून टोकदार झाले की जोर पडताच चेन दातावरून उडी मारते. हिसका अगदी गिअर सुटल्यासारखा. पण आवाज मागच्या चाकाकडून येतो, आणि गिअरचा पाय जागचा हललेला नसतो.

तिसरा तोतया हा पायच. गिअरचा लिव्हर ज्या दात्यांवर बसतो ते झिजले, बोल्ट सैल झाला, किंवा गाडी पडून लिव्हर वाकला आणि फूटरेस्टला घासू लागला, तर गिअर पुरता आत जातच नाही. अर्धवट गेलेला गिअर सुटणारच. आतल्या यंत्राचा त्यात काय दोष?

हे तिन्ही निर्दोष निघाले, गिअर एका ठराविक क्रमांकालाच सुटतो आहे, हिसक्याबरोबर इंजिन मोकळे होते आहे, तर मग दुखणे आत आहे. बहुतेक गाड्यांत ते दुसऱ्या गिअरचे असते. चढाला सर्वांत जास्त राबतो तो दुसरा, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना वेगातला फरकही मोठा असतो. आणखी एक साक्षीदार आहे. तेल काढताना त्यात चमकणारा धातूचा चुरा दिसला तर आत काहीतरी झिजते आहे, हे समजावे.

काटकसरीची किंमत

खुंट्या इतक्या लवकर का झिजतात? वय हे एक कारण आहेच. पण घाटातल्या गाड्यांचे खरे कारण आमच्या काटकसरीत आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, जमल्यास इंजिनही बंद करायचे आणि घरंगळत खाली यायचे. तेवढेच पेट्रोल वाचते. विहिगावच्या बाजूला उतरा, तोरंगणचा घाट उतरा, ही कसरत दिसतेच. खाली आल्यावर, किंवा मध्येच वळणावर भीती वाटल्यावर, धावत्या गाडीला पुन्हा गिअर घातला जातो. त्या क्षणी एक चक्र वेगाने फिरत असते, दुसरे जवळजवळ स्वस्थ असते. खुंटी खाचेत शिरण्याऐवजी खाचेच्या कडेवर आपटते. एकदा, दहादा, हजारदा. वाचलेले पेट्रोल थेंबाथेंबाने गिअरपेटीतून वसूल होते.

दुसरी सवय पायाची. चढावर गिअर सुटू नये म्हणून, किंवा नुसतीच खोड म्हणून, पाय लिव्हरवर ठेवून गाडी चालवली जाते. त्या दाबाने फोर्क सतत चक्राच्या खोबणीला घासत राहतो. तो तापतो, पातळ होतो, वाकतो. वाकलेला फोर्क चक्राला पुरते आत ढकलू शकत नाही, म्हणून गिअर आणखी सुटतो, म्हणून पाय आणखी दाबला जातो. दुखण्यावर केलेला उपाय दुखणे वाढवतो, तो असा.

तिसरी गोष्ट तेलाची. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली आणि तिच्या जाहिरातीने देशाला एक मंत्र दिला : ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. गाडीने ते वचन बऱ्याच अंशी पाळले. आम्ही मात्र विसरण्याचा भाग जरा जास्तच मनावर घेतला. पेट्रोलबरोबर तेलही विसरलो. त्याआधीच्या राजदूत किंवा येझ्दीवाल्याला दोन-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे, त्यामुळे तेल ही वस्तू त्याच्या डोळ्यांसमोर असे. चार-स्ट्रोक गाडीत साधारण एक लिटर तेल आत कुठेतरी असते, तेच इंजिन सांभाळते आणि तेच गिअरही. ते काळे पडले, कमी झाले, तरी गाडी तक्रार करत नाही. तक्रार करते ती थेट ‘खट्’ असा आवाज करून.

उघडायची तर नीट उघडा

गिअर सुटतो म्हटल्यावर काही गॅरेजमध्ये झटपट उपाय सुचवले जातात. ड्रमला जागेवर धरणारी स्प्रिंग कडक बसवून देतो. जाड तेल घालून देतो. झिजलेल्या खुंट्यांवर वेल्डिंग भरून घासून देतो. यातला पहिला उपाय दुखणे झाकतो, दुसरा फक्त आवाज झाकतो. तिसरा कसबी हाताने आणि योग्य धातूने केला तर काही काळ टिकतो. पण वेल्डिंगच्या आचेने चक्राचा कठीणपणा जातो आणि तुटलेली खुंटी इतर चक्रांत अडकली तर मागचे चाकच जाम होते. घाटात चाक जाम होण्यापेक्षा गाडी घरी उभी राहिलेली बरी.

नीट दुरुस्ती म्हणजे गिअरपेटी उघडणे. शंभर सीसीच्या नेहमीच्या गाडीत याचा अर्थ इंजिन चॅसीवरून उतरवणे, हेड, सिलिंडर, पिस्टन, क्लच, मॅग्नेट हे सारे काढणे आणि मग क्रँककेसची दोन शकले वेगळी करणे. हाताच्या तळव्याएवढ्या चक्रासाठी अख्खे इंजिन मोकळे करावे लागते. म्हणून या कामात सुट्या भागांपेक्षा मजुरीचा वाटा मोठा असतो, आणि म्हणूनच ते पुन्हा पुन्हा करण्याचे काम नव्हे. एका भाकरीसाठी कोणी चूल पेटवत नाही. पेटवलीच आहे तर सगळ्यांची भाकरी होते. तसेच हे. खुंट्या झिजलेले चक्र बदलताना त्याची जोडीदारीण तपासावी, कारण एकीच्या खुंट्या झिजल्या तर दुसरीच्या खाचा शाबूत राहिलेल्या नसतात. फोर्क नवा घालावा. ड्रमची खोबण बघावी. बेअरिंग हाताने फिरवून खरखर ऐकावी. ऑइल सील, पॅकिंग आणि दांड्यावरचे लॉक जुने परत लावू नयेत.

चांगला मिस्त्री ओळखायचा कसा? तो घाई करत नाही. काढलेली चक्रे, वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने स्वच्छ फडक्यावर मांडतो, कारण एक पातळ वॉशर इकडचा तिकडे झाला तरी सगळी मेहनत वाया. क्रँककेस बंद करण्याआधी दांडा हाताने फिरवत पहिल्यापासून चौथ्यापर्यंत सगळे गिअर टाकून बघतो. आणि झिजलेले भाग गिऱ्हाइकाच्या हातात देतो. ही शेवटची गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. “दादा, ही कड बघा, नखाने चाचपून बघा,” असे म्हणणारा मिस्त्री नुसते पैसे घेत नाही. तो आपल्याला पुढच्या वेळेसाठी शहाणे करतो. आपणही जुने भाग मागून घ्यायची सवय लावावी. त्यात अविश्वास नाही. आपल्याच वस्तूची ती ओळख आहे.

या मिस्त्रीकडे जे ज्ञान असते ते कुठल्या पुस्तकातून आलेले नसते. १९५५पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटची गिअरपेटी इंजिनापासून वेगळी. तिचा गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली, शिवाय टाचेने न्यूट्रल करायचा वेगळा लिव्हर. १९६१पासून म्हैसूरला बनलेल्या जावा आणि पुढच्या येझ्दीची तऱ्हा निराळी. गाडी सुरू करायची किक आणि गिअर टाकायचा लिव्हर एकच. तो कारखाना १९९६ साली बंद पडला, पण त्या गाड्या दुरुस्त करणारे हात राहिले. तेच हात पुढे हिरो होंडावर बसले, १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरवर पक्के झाले. प्रत्येक गाडीने त्यांना काहीतरी शिकवले. कंपन्या आल्या नि गेल्या. ज्ञान गॅरेजच्या तेलकट बाकावर मुक्कामाला राहिले.

हिशेब कोणाचा?

आता पैशांचे बोलू. नवी शंभर सीसीची मोटारसायकल रस्त्यावर येईपर्यंत आज ८०-९० हजारांच्या घरात जाते. गिअरपेटीची पूर्ण दुरुस्ती काही हजारांत होते. पगारदाराला हा हिशेब चुटकीसरशी सुटतो. जव्हार-मोखाड्यातल्या घरांचा पैसा मात्र महिन्याच्या एक तारखेला येत नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हाती चार पैसे असतात तेव्हाच बी-बियाणे घ्यायचे असते, आवणी डोक्यावर असते, घराचे छप्पर शाकारायचे असते. अशा वेळी काही हजार रुपयेसुद्धा मोठे वाटतात आणि ‘शून्य डाऊन पेमेंट’वाला दुकानदार जवळचा वाटतो. नव्या गाडीचा हप्ता पहिले दोन-तीन महिने सोपा जातो. पावसाळ्यात काम थांबते, हप्ता थांबत नाही. शेवटी नवी गाडी फायनान्सवाला ओढून नेतो आणि जुनी आधीच गेलेली असते. गिअरपेटीतल्या एका खुंटीपायी घर पायावर येते, ते असे.

म्हणून जवळचा, विश्वासू आणि तयारीचा मिस्त्री ही डोंगराळ तालुक्याची गरज मी दवाखाना आणि रेशन दुकानाच्या पंगतीत बसवतो. आज परिस्थिती अशी, की पंक्चर आणि तेलबदल खेड्यात होतो, पण क्रँककेस उघडायची वेळ आली की गाडी टेम्पोत घालून शहराकडे न्यावी लागते. टेम्पोचे भाडे, बुडालेली रोजी आणि पुन्हा आणायला जाणे हे सगळे त्या दुरुस्तीच्या बिलात धरले पाहिजे.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. आयटीआयमध्ये दुचाकी-तीनचाकी दुरुस्तीचा अभ्यासक्रम आहे. तो डोंगरी तालुक्यांत पोहोचवावा. आणि तिथल्या मुलांना फक्त शहरातल्या शोरूमच्या सर्व्हिस सेंटरसाठी तयार न करता, स्वतःच्या पाड्याजवळ गॅरेज टाकण्यासाठी हत्यारांचा संच आणि थोडे भांडवल द्यावे. बेअरिंग ओढायचा पुलर, टॉर्क पाना, क्लच आणि मॅग्नेट काढायची हत्यारे यांची किंमत एका नव्या मोटारसायकलपेक्षा कितीतरी कमी आहे, आणि त्यावर शेकडो मोटारसायकली उभ्या राहतात. आश्रमशाळेत आठवी-नववीच्या मुलामुलींसमोर एक निकामी इंजिन उघडून ठेवले, तर बल, घर्षण आणि वेग यांचे धडे फळ्यापेक्षा चांगले कळतील. मुलींसमोरही ते ठेवावे, हे मुद्दाम सांगतो. त्या गाडी चालवू लागल्या आहेत. पाना हाती घ्यायला त्यांना हरकत कसली?

दुरुस्तीचे काम हे कमी प्रतीचे, आणि बनवण्याचे काम तेवढे मोठे, असे मानणाऱ्यांना आपल्याच मातीतले एक उदाहरण सांगायला हवे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावला सायकलींचे दुकान काढले. सायकली विकणे, दुरुस्त करणे, लोकांना चालवायला शिकवणे, हा त्यांचा आरंभ. लोखंडी नांगर आणि १९१० सालची किर्लोस्करवाडी त्यानंतरची. ज्याने यंत्र उघडून पाहिले आहे, त्यालाच पुढे यंत्र बनवावेसे वाटते. दुरुस्तीचे दुकान ही उद्योगाची बालवाडी आहे. ती बंद पाडून थेट कॉलेज काढता येत नाही.

पुढच्या काळात हा प्रश्न अधिक अवघड होणार आहे. १ एप्रिल २०२०पासून ‘बीएस ६’ची मानके लागू झाली आणि साध्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. हवा स्वच्छ राहावी म्हणून ते योग्यच झाले. गिअरपेटी मात्र अजून तीच आहे : खुंट्या, फोर्क, ड्रम. पण तिच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर आता सेन्सर आणि वायरी आहेत, आणि त्यांचा दोष शोधायला कंपनीचे यंत्र लागते. ते यंत्र खोडाळ्याच्या मिस्त्रीला मिळणार का? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी कौल देऊन मोटारींच्या दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजनाही द्यावी, असा कायदा करून घेतला. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. शेतीची यंत्रे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्यातली चार क्षेत्रे. पाऊल चांगले आहे. पण पोर्टलवर माहिती टाकणे कंपनीच्या मर्जीवर सोडले तर हक्क या शब्दाला अर्थ राहत नाही. सुट्या भागांचे भाव, दुरुस्तीची पुस्तिका आणि ती मराठीत, एवढे तरी सक्तीचे हवे.

हट्ट आंधळा नसावा

दुरुस्तीची बाजू घेताना एक सावधगिरी सांगितली पाहिजे. प्रत्येक जुनी गाडी वाचवण्याजोगी नसते. क्रँककेसला तडा गेला असेल, बेअरिंग बसण्याची जागाच मोठी झाली असेल, अस्सल सुटे भाग मिळतच नसतील, चॅसी गंजून पोकळ झाली असेल, तर तिला निरोप द्यावा. मोटारसायकलची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. ही तपासणी कटकट समजून टाळू नये. जिचे कागद संपले आहेत आणि विमा नाही, अशी गाडी अपघातात घराला दुहेरी बुडवते. ज्या गाडीवर आपण लेकरू बसवतो तिचे ब्रेक, टायर आणि गिअर या तिन्हींबद्दल खात्री नसेल, तर ती स्वस्त नाही.

पण ज्या गाडीचा सांगाडा धड आहे, इंजिनात जीव आहे आणि फक्त दुसरा गिअर ‘खट्’ करून सुटतो आहे, तिला भंगारात काढू नका, आणि तशीच घाटातही नेऊ नका. आधी क्लचची केबल बघा, चेन बघा, लिव्हर बघा. मग तेल काढून त्यात चुरा आहे का ते बघा. मग ज्याच्या हातावर विश्वास आहे त्याच्याकडून ती एकदाच, पण नीट उघडून घ्या. पावसाला लागण्याआधी घ्या, कारण पावसात गाडी अडली तर माणूसही अडतो. दुरुस्तीनंतर पहिल्या काही शे किलोमीटरवर तेल बदला. आणि उतारावर न्यूट्रल करायची सवय त्याच दिवशी सोडा.

मिस्त्रीने मजुरी सांगितली की आपण घासाघीस करतो. भाजीवाल्याशी करतो तशीच. एकदा त्याच्या शेजारी बसून अर्धा दिवस ते काम बघावे, असे मला सुचवावेसे वाटते. मुलांनाही बरोबर न्यावे. तेलात माखलेली ती दहा बोटे खुंटीची कड चाचपतात, वॉशर मोजतात, दांडा फिरवून कान लावतात. एवढे पाहिल्यावर त्या मजुरीत काय काय धरलेले आहे ते कळेल. सूर्यमाळच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, पाठीमागे आजारी आईला बसवून जाणाऱ्या मुलाचा सारा भरवसा त्या मजुरीतच असतो.